आक्कांचा तास

“आवंदा माझं बोलावणं कसं न्हाई आलं, डॉक्टरीणबाई?” खुर्चीत बसता बसताच आक्कांनी विचारलं.

अनघा डॉक्टर मनाच्या आजारांच्या. दर गुरुवारी पुण्याहून कामशेतच्या दवाखान्यात येतात. त्यांनी गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला.

आक्का म्हणजे कस्तुराबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई. मनाच्या आजारांचं शिकणाऱ्या डॉक्टरांच्या शेवटच्या परीक्षेला खराखुरा पेशंट लागायचा, आणि अकरा वर्षं तो पेशंट आक्का होत्या. वर्षातून एकदा ठेवणीतली हिरवी साडी नेसून त्या पुण्याला जायच्या. समोर एखादं घाबरलेलं लेकरू आणि पुरा एक तास. ते म्हणायचं, “सुरुवातीपासून सांगा,” आणि आक्का सांगायच्या.

“मावशी, परीक्षा बदलली आता,” डॉक्टर म्हणाल्या. “मुलं आठ-आठ मिनिटं एकेका खोलीत जातात. पेशंटचं काम शिकवून तयार केलेली माणसं करतात. म्हणजे सगळ्यांना सारखाच पेशंट.”

“म्हंजी नाटकवाली? त्यास्नी माझ्यावानी रडाया येतंय व्हय?”

“येतं की. आणि घंटा वाजली की थांबतातही.”

“मंग माझ्यापरास हुशार म्हणायची.”

डॉक्टर हसल्या. “माझ्या परीक्षेत शेजारच्या मुलाला जो पेशंट मिळाला, तो तासभर एक शब्द बोलला नाही. तो मुलगा नापास झाला बिचारा. आणि मला तुम्ही मिळालात.”

आक्का माझ्याकडे वळल्या. “जीव द्यावा वाटतो का, त्येच इचारायचं इसरली हुती ही. म्या म्हनलं, इचार गं बाय, न्हाईतर परीक्षा घ्याया आलेले भाईरचे सर धरत्याल तुला.”

“म्हणूनच बदलली, मावशी,” डॉक्टर खाली बघत म्हणाल्या.

दारातून कोणीतरी डोकावलं. बाहेर रांग होती. आक्का लगेच उठल्या. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा झालेला त्यांना खपत नाही.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “बरुबर हाय त्येंचं. त्या पोराचं वाईटच झालं.” आणि थोड्या वेळानं, “पर आता सारिकाचं कुनाला सांगू?”

सारिका त्यांची मुलगी. नवव्या वर्षी तापात गेली. घरात तिचं नाव निघालं की आम्ही विषय बदलतो. सगळ्यांच्या आधी मी. आक्कांना त्रास नको म्हणून, असं मी म्हणत आले.

“देवाला सांगा, आक्का.”

“सांगती की. पर देव कायबी इचारीत न्हाई गं.”

माझं रोज सकाळी जप पूर्ण होईपर्यंत मौन असतं. लग्नाच्या वर्षी घेतलेलं हे व्रत बाळंतपणातसुद्धा मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माळ घेऊन बसले होते, तर आक्का आल्या. हिरवी साडी, केस नीट विंचरलेले. पाट ओढून माझ्यासमोर बसल्या.

“राजेश्वरी, तुझं मौन हाय न्हवं? मंग बरंय. तुला इषय बदलता यायचा न्हाई.”

आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. सारिकाला इंद्रायणी तांदळाची पेज लागायची, वर तूप नको म्हणायची. शाळेची पिशवी उशाला घेऊन झोपायची. मग तो ताप. म्हैस हंबरत होती. “म्हनलं, धार काढू आन् मंग नेऊ दवाखान्यात. बादली अर्धीबी झाली न्हवती. तिनं आतनं हाक मारली. म्या म्हनलं, थांब.”

आक्का थांबल्या. निरांजनातली वात विझत आली होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, परीक्षेतलं एखादं पोर नेमका प्रश्न विसरलं की बघत असतील तशा.

माझा जप अर्धाच झाला होता. मी माळ ताम्हनात ठेवली.

“काय म्हणाली होती ती, आक्का?”