उपवासातला तंबोला

चेत्तीना दर मंगळवारी दुपारी झेयतून गावातल्या चर्चमागच्या हॉलात तंबोला पुकारायची. पिशवीत हात घालून सोंगटी काढायची आणि आकड्याआधी त्याचं टोपणनाव घ्यायची: 'प्रभूचं वय, तेहतीस.' बायका हसत तिकिटावर वालाचा दाणा ठेवायच्या. पाच डाव झाले की पिशवी बंद. ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस तर ती पिशवीला शिवतही नसे. तीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता.

तिची भाची रोबेर्ता स्लीमा शहरात ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत होती. कुठला खेळ कोणत्या कप्प्यात मांडायचा, हे तिचं काम. फुटबॉलच्या पैजा एकीकडे, गरगरणारी फळांची चित्रं दुसरीकडे, कॅमेऱ्यासमोर बसून मुली पत्ते वाटतात ते निराळे, तंबोला आणखी निराळा. आदल्या वर्षी तिने मावशीच्या आवाजात नव्वदच्या नव्वद आकडे रेकॉर्ड करून घेतले होते. जुनी नावं टिकायला हवीत, असं म्हणाली होती. मावशीने चष्मा न शोधताच कंपनीच्या कागदावर सही केली होती.

गुड फ्रायडेच्या दुपारी चेत्तीना बदामाच्या उपवासी वड्या घेऊन तंबोल्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे, जीझाकडे गेली. गुडघ्यांमुळे जीझाचं बाहेर पडणं बंद झालं होतं. पडदा सारायला हात पुढे केला, तोच आतून ऐकू आलं, 'प्रभूचं वय, तेहतीस.'

चेत्तीना उंबऱ्यातच थिजली. आवाज तिचा होता, आणि तिचे ओठ मिटलेले होते.

जीझा टेबलाशी मोबाइलवर वाकून बसली होती.

"आज? आजच्या दिवशी खेळतेस?" चेत्तीनाने विचारलं.

"रोजच खेळते की. तूच पुकारतेयस म्हटल्यावर मला वाटलं, पाद्रीबाबांनी यंदा सूट दिली असेल."

चेत्तीनाने रोबेर्ताला फोन लावला. आजचा दिवस तरी बंद कर, म्हणून विनवलं. पलीकडून समजुतीचा सूर आला, की तंबोला सौम्य कप्प्यात येतो, ऑफिसात त्याला आज्यांचा कप्पा म्हणतात, त्याला कुणी जुगार म्हणत नाही. आणि सही तर झालेलीच आहे.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल चेत्तीनाच्याच आवाजात लाडाने बोलला, "अजून एकच तिकीट घे, माझ्या राणी."

"रोबेर्ता, हे मी कधीच बोलले नाही."

"नव्वद आकडे पुरतात गं मावशी. बाकीचं मशीन जुळवतं."

फोन तसाच हातात धरून ती जीझाजवळ गेली, खांद्यावर हात ठेवला. "जीझा, ती मी नाही. मी ही इथे आहे. बंद कर ते."

जीझाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे. "एका तोंडाने घे म्हणतेस, दुसऱ्याने नको म्हणतेस. मी ऐकू तरी कुणाचं?" ती कुरकुरली, आणि तिचं बोट मोबाइलवरच्या नव्या तिकिटावर टेकलं.