कासवाची बातमी

मानवाला आजवर गवसलेल्या शक्तींमध्ये सत्य ही सर्वांत प्रचंड, सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत अविनाशी शक्ती आहे, असा आमच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे. म्हणूनच आम्ही ते कुणाला एकदम सांगत नाही. भाजतं.

आमच्याकडे वाईट बातमी हप्त्याहप्त्यानं देतात. माणूस गेला असेल तर पहिल्या फोनला त्याला 'जरा कणकण' असते, दुसऱ्या फोनला 'डॉक्टर येऊन गेले', तिसऱ्याला 'तुमची फार आठवण काढतायत'. एका चुलत मेहुण्यांना त्यांचे सासरे गेल्याचं आम्ही इतकं सांभाळून कळवलं, की ते सफरचंदं घेऊन भेटायला आले तेव्हा सासऱ्यांच्या फोटोची पहिली चौकट वाळवीनं खाऊन झाली होती.

अशा घरातल्या मुलीनं परदेशात जाऊन डॉक्टर व्हायचं ठरवलं.

बारकी ही माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची मुलगी. घरात सगळ्यांत उंच तीच. हे नाव ती आडवी असताना ठेवलेलं आहे. दादाचं पडद्यांचं दुकान. वहिनी शाळेत गणित शिकवते आणि घरीही शिकवणं थांबवत नाही. मी निवृत्त, म्हणजे कुणालाही, कधीही उपलब्ध. आणि आमची सर्वांत थोरली बहीण, जिला आम्ही भाऊसुद्धा आत्याच म्हणतो. तिनं उभी हयात टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे कॉल जोडण्यात आणि वेळ संपली की तोडण्यात घालवली. बारकीला लहानाची मोठी तिनंच केली.

परदेशी अर्ज हे काय प्रकरण असतं, ते तो भरल्याशिवाय कळत नाही. बारकीच्या जन्मदाखल्यावर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असं लिहिलेलं होतं, तेव्हा विद्यापीठानं तेच नाव धरून दोन पत्रं पाठवली. वहिनी म्हणाली, "प्रिय मुलगी. माणसं मायाळू दिसतात." मग दाखला दुरुस्त झाला, भाषेची परीक्षा झाली, लशी टोचून झाल्या. हे सगळं पार पडलं आणि गाडी मुलाखतीत अडकली.

ही मुलाखत संगणकावर होते. परीक्षक एकामागून एक प्रसंग देतात. त्यातल्या एका प्रसंगात समोर नट किंवा नटी असते. गेल्या वर्षी बारकीला आलेला प्रसंग असा: शेजारी महिनाभर बाहेरगावी गेले होते, त्यांचं कासव तुमच्याकडे सांभाळायला होतं, ते मेलं, शेजारी परत आलेत, त्यांना सांगा.

बारकीनं सांगितलं. म्हणजे आमच्या पद्धतीनं सांगितलं.

"कासव जरा शांत आहे," ती म्हणाली.

"ते नेहमीच शांत असतं," नट म्हणाला.

"हो, पण आता अगदी मनापासून शांत आहे."

"मग घेऊन जाऊ का?"

"राहू दे की चार-आठ दिवस. पडू दे त्याला जरा."

नट तिचे आभार मानून हसतमुखानं निघून गेला. नकाराच्या पत्रात शेरा होता: 'संभाषण अत्यंत स्नेहपूर्ण. बातमी पोचली नाही.'

बाहेरच्या देशांतल्या मुलांना तिथे सहाच जागा, आणि अर्ज आयुष्यात दोनदाच करता येतो. म्हणजे यंदा बारकीला कासव मारता आलं नाही, तर त्या विद्यापीठाचं दार कायमचं बंद.

आणि आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे सांगायला आम्ही दोन वर्षांपूर्वीच सुरुवात केली होती. आधी बारकी 'पुढं शिकणार' असं सांगितलं, मग 'जरा लांब' असं सांगितलं. तिथे दादाचा धीर सुटला. 'जरा लांब' म्हणजे दोन बस बदलून, असा हिशेब आत्यानं मनाशी केला आणि बाजारात जाऊन चार पुडांचा डबा आणला, गळणार नाही असा. रोज सकाळी बसच्या कंडक्टरकडे द्यायचा, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. त्या डब्याकडे बघून बारकी पान उलटायची, पण तिचं वाचन पुढे सरकत नसे.

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या बाई होत्या, त्यांनी तिला मंत्र दिला. आधी वाईट बातमी आहे असं सांगायचं. मग शब्द न फिरवता ती द्यायची. मग गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत.

मंत्राचे पहिले दोन भाग जमण्यासारखे होते. तिसऱ्याची आमच्याकडे सोय नाही. आमच्या घरात शांतता पसरली की काहीतरी बिघडलं असं समजतात आणि दुरुस्तीला धावतात.

तालीम सुरू झाली. दादा शेजारी झाला.

"बसा," बारकी म्हणाली. "एक वाईट बातमी आहे."

दादा बसला. त्याचे डोळे तेवढ्यानंच भरून आले.

"तुमचं कासव मेलं."

बारकी गप्प झाली. दादाही गप्प झाला. लगेच आतून वहिनीचा आवाज आला, "काय गं, काय बंद पडलं?"

दादाला राहवेना. "असू दे गं. दुसरं घेऊ आपण."

"बाबा, तुम्ही शेजारी आहात. तुम्ही मला धीर द्यायचा नाही."

"अगं पण तुझा चेहरा किती उतरला."

वहिनी बाहेर आली. "दहापैकी साडेसहा. उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या गाळल्यास."

"आई, पायऱ्या गाळायच्याच असतात."

"मग साडेपाच."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्यानं विचारलं, "कुणाचं कासव?"

"अभ्यासातलं आहे, आत्या."

"मेलं का?"

"हो."

"दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घ्यावंच कशाला," आत्या म्हणाली आणि डब्याची कडी तेल लावून बघू लागली.

महिनाभर आम्ही आळीपाळीनं शेजारी होत होतो. या तालमीचा एक तोटा झाला. दुकानात छपरातून पाणी गळून मखमलीचे चार तागे भिजले, हा निरोप बारकीनं दादाला इतका व्यवस्थित दिला, की त्यानं तो तालीम समजून ऐकला, 'आज डोळ्यांत बघून बोललीस, फार छान,' अशी पाठ थोपटली आणि तो चहा प्यायला बसला.

मुलाखतीचा दिवस आला. विषय तोच असेल असं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण तो तोच निघाला. विद्यापीठाकडे एकच कासव असावं. दादानं बारकीच्या पाठीमागे दुकानातला सर्वांत गंभीर पडदा लावला. लॅपटॉप कापडाच्या दोन ताग्यांवर ठेवला. आत्याला पाठीवर शेक द्यायचा असं सांगून तिच्या खोलीत झोपवलं आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो. नेटचा राउटर तिथेच होता, फळीवर, पिठाच्या डब्याला टेकून.

दाराआडून बारकीचा आवाज येत होता. परकी भाषा, त्यामुळे कळत काही नव्हतं, पण चालू आहे एवढं कळत होतं. मग आवाज खाली आला. एक छोटं वाक्य. मग काहीच नाही.

"गेलं," दादा म्हणाला.

"कासव?" मी विचारलं.

"नेट."

तो स्टुलावर चढलासुद्धा. वहिनी म्हणाली, "अहो, तिला गप्प बसायचंच सांगितलंय ना." हे वाक्य अत्यंत बरोबर होतं, पण ते संपलं तेव्हा राउटरची वायर दादाच्या हातात होती.

दादानं वायर परत खुपसली. दिवा लाल लागला. मग पिवळा झाला. मग पुन्हा लाल. आम्ही तिघं मान वर करून त्या दिव्याकडे बघत होतो. दादा हळूच म्हणाला, "तिला एकदम नको सांगायला. आधी म्हणू, वीज कमीजास्त होत होती."

पलीकडे काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. नेट गेलं त्या क्षणी बारकी त्यांच्या पडद्यावर जशीच्या तशी गोठली होती: कपाळावर एक बारीक आठी, ओठ मिटलेले, नजर किंचित खाली. समोरची नटी रडली. रडून झाल्यावर कासवाबद्दल बोलली. मग भूमिकेत नसलेल्या आपल्या मुलाबद्दल बोलली, जो फोन करत नाही. बारकीनं तिला एकदाही तोडलं नाही. मान हलवली नाही, 'असू दे' म्हटलं नाही, दुसरं कासव देऊ केलं नाही. इतकं कुणी आपलं ऐकून घेतलं नव्हतं, असं नटी परीक्षकांना म्हणाली.

नेट आल्यावर बारकीनं आधी खरं ते सांगून टाकलं. "माफ करा, नेट गेलं होतं. मी यातलं काही ऐकलं नाही."

परीक्षकांना तो विनय वाटला. ती परत परत सांगू लागली तसतसा तो अधिकच वाटू लागला.

तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. शेरा होता: 'बातमी स्वच्छ शब्दांत दिली. ऐकण्याची असामान्य क्षमता.' वहिनीनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "हा गुण आपल्याकडून गेलेला नाही."

आता संगणकावरचं 'मान्य' हे बटण दाबायचं होतं, शुक्रवारच्या आत. बारकी पत्र घेऊन बसून राहिली.

"दाब की," दादा म्हणाला.

"आत्याला सांगितल्याशिवाय नाही दाबणार."

दादानं आवाज खाली आणला. "सांगू ना. आज नुसता विमानाचा विषय काढू. पुढल्या आठवड्यात समुद्राचा."

"बाबा, तोपर्यंत जागा दुसऱ्याला जाईल."

"मग पत्रात लिहू त्यांना, जरा थांबा म्हणून. माणसं मायाळू आहेत."

"काका, तुम्ही तरी सांगा काही," बारकी माझ्याकडे वळली. मला नेमकं तेव्हाच औषधाच्या दुकानात काम असल्याचं आठवलं. चपला घालेपर्यंत ती उठून आत्याच्या खोलीत गेली होती. मी चपलांसकट दाराशी थांबलो. दादा आणि वहिनी आधीच तिथे होते.

आत्या खुर्चीत बसून डब्याच्या झाकणावर बारकीचं नाव लिहीत होती. बारकी तिच्यासमोर उभी राहिली. कासवाच्या वेळी ती बसून बोलायची. आता बसायचंही सुचलं नाही.

"आत्या, तुला वाईट वाटेल असं काहीतरी सांगायचंय."

आत्यानं पेन थांबवलं.

"मी शिकायला परदेशात जातेय. समुद्रापलीकडे. सहा वर्षं." बारकीनं श्वास घेतला. "डबा पोचणार नाही."

मग ती गप्प राहिली. दादाचा हात भिंतीवरच्या बटणांकडे निघाला. वहिनीनं त्याचं कोपर घट्ट धरलं. त्या घरात मी इतकी वर्षं राहतोय, पण आमच्या घड्याळाला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या बघत होती. बारकीकडे, मग डब्याकडे, मग परत बारकीकडे.

"सहा?" तिनं विचारलं.

"सहा."

"सुट्टीला येशील?"

"हो, दर उन्हाळ्यात ये..." बारकी अडखळली. मग म्हणाली, "नाही. दर उन्हाळ्यात नाही जमणार. तिकीट महाग आहे. एक वर्षाआड."

दाराशी दादाला हुंदका आला. त्यानं तो शर्टाच्या बाहीत कोंबला.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. डोळे पुसले नाहीत. ते तसेच राहू दिले. डब्याचे चारही पूड एकावर एक बसवले, कडी लावली आणि तो खुर्चीखाली सरकवला.

"या घरात पहिल्यांदाच कुणी मला आख्खं वाक्य बोलून दाखवलं," ती म्हणाली. "चांगली डॉक्टर होशील."

बारकीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण ती जागची हलली नाही. आम्ही तिघंही हललो नाही. आता आत्या तिला जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल, दोघी रडतील आणि मग आपल्यालाही आत जाता येईल, म्हणून दादानं रुमाल काढूनच ठेवला होता.

आत्यानं मान वर करून बारकीकडे पाहिलं.

"आता जरा बाजूला हो," ती म्हणाली. "पंख्याचा वारा अडतोय."