न सापडलेली कमांड

"अक्का, इथे टीएनएसपिंगच नाहीये! कमांड नॉट फाउंड म्हणतंय." फणींद्र धापा टाकत माझ्या टेबलाशी उभा. नव्या लिनक्स सर्व्हरवरून डेटाबेसपर्यंत जोडणी लागते की नाही, हे तपासायची ती कमांड.

मी डब्यातल्या पुलिहोराचा, म्हणजे चिंचभाताचा, घास सावकाश चावला. त्या सर्व्हरवर डेटाबेसशी जोडणारं सुटसुटीत क्लायंट सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्यात ही कमांड येतच नाही. जोडणी ठणठणीत होती. 'सरळ लॉगिन करून बघ' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पण का म्हणून म्हणू? गेल्या वर्षी मी आईच्या दिवसांसाठी राजमंड्रीला गेले, तेव्हा मागे यानं बॅकअप पुसला आणि आमच्या साहेबांना, शेषगिरी गारूंना, बेधडक सांगितलं, "अक्कांनीच तसं ठेवलं होतं." मला मिळायचं टीम लीडपद याच्या घशात गेलं. 'चूक माझी होती' हे याच्या तोंडून चारचौघांत ऐकायचं, एवढ्याचसाठी मी हैदराबादच्या या ऑफिसात टिकून होते.

"जुन्या सर्व्हरवर आहे ना ती? मग तिथलं फोल्डर उचल आणि इथल्यावर टाक," मी म्हणाले.

"अख्खं?"

"मग काय, अर्धं?"

"देवासारख्या धावून आलात, अक्का!"

पळाला. जुन्या फाइली नव्यांवर बसल्या, डेटाबेसचा पत्ताही जुनाच झाला आणि चालू होती ती जोडणी तुटली. ज्यांचं काम आम्ही सांभाळायचो त्या दूध संघाच्या फाटकावर पावत्या निघेनात, टँकर उन्हात खोळंबले. फोनवर फोन. खरं सांगते, मला आत गार गार वाटलं.

शेषगिरी गारू तणतणत केबिनबाहेर आले. "हा शहाणपणा कुणाचा?"

फणींद्रनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. घे म्हटलं माझं नाव, मग बघते तुला.

"माझा, सर. मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आणि गेल्या वर्षीचा बॅकअपही मीच पुसला होता. अक्कांची चूक नव्हती."

अख्खं ऑफिस ऐकत होतं. वर्षभर वाट पाहिली त्या वाक्याची, आणि ते मेलं आजच यावं!

"हैमवती, तुम्ही बघा आता," गारू म्हणाले.

फणींद्र उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी जुन्या फाइली काढल्या, नवा पत्ता घातला, लॉगिन केलं.

"लागली का, अक्का?" त्यानं मागून हळूच विचारलं.

"लागली," मी म्हणाले. मान मात्र वळवता येईना.