सिस्टरबाईंची व्हॅन

"बाई, तुमी खुशाल जा शिकाले," वारलू म्हणाला, "पण गाडी इथीच राहू द्या."

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर जांभळटोल्यातली वीसेक माणसं बसली होती. वारलू त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, म्हणून बोलायचं काम त्याच्याकडे. रंजीताने चहा टाकला होता, कारण लोक निरोप द्यायला आलेत असं तिला वाटलं होतं. चौदा वर्षं ती या गावात नर्स होती. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांत जन्मली होती. लोक "जाऊ नका" म्हणतील म्हणून तिने उत्तरही मनात जुळवून ठेवलं होतं: तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे, मग मी इथलीच बदली मागते. पण ते उत्तर द्यायची वेळ आलीच नाही. जाऊ नका, असं कोणी म्हणालंच नाही.

"नवी सिस्टर येऊन राह्यली ना," ती म्हणाली.

"सिस्टर येईन. तिच्यापाशी गाडी कुठी आहे?"

"चालवन कोण?"

"मी चालवतो ना," मागून दसरू म्हणाला. तो गावातला ट्रॅक्टर चालवायचा. "ट्रॅक्टर चालवणाऱ्याले व्हॅन काय जड हाय?"

"पाहू," रंजीता म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला उठली.

तिची पांढरी मारुती व्हॅन नऊ वर्षांपूर्वी आली, ती तिच्या स्वतःच्या सोयीसाठी. नवरा सुनिल ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर, आई आशाबाई वरोऱ्याला एकटी. दर शनिवारी एकीकडे तरी जायचं, आणि जांभळटोल्याहून एसटी दिवसातून एकदाच. पण गाडी आल्यावर पंधरा दिवसांतच एक बाळंतीण तिच्यातून गडचिरोलीला न्यावी लागली, आणि तेव्हापासून गाडी गावाची झाली. ॲम्ब्युलन्सला फोन करायचा तर टेकडीवर चढून रेंज शोधावी लागे. दोन लेकरं तर गाडीतच जन्मली. मागच्या सीटखाली प्लास्टिकची ताडपत्री आणि बाळंतपणाचं सामान कायम ठेवलेलं असायचं.

आणि आता बेचाळिसाव्या वर्षी, नोकरीतल्या नर्सेससाठीच्या राखीव जागेवर, विद्यापीठाच्या नर्सिंगच्या पदवीला तिचा नंबर लागला होता. पहिलं वर्ष. कॉलेज गडचिरोलीच्या बाहेर, चंद्रपूर रस्त्यावर. तिने गडचिरोलीत खोली पाहिली होती. सकाळी तिथल्या दवाखान्यात ड्यूटी, दुपारून कॉलेज.

रात्री जेवण झाल्यावर टेकडीवर जाऊन तिने सुनिलला फोन लावला.

"गाडी तुझ्या नावावर आहे, मले काऊन विचारतं?" तो म्हणाला.

"तरी."

"कॉलेजात लावू देतत का पहिल्या वर्षाच्याइले?"

"देतत. मी विचारलं."

"मंग घेऊन जा. तू बेचाळीसची, त्या पोरी अठराच्या. त्यायच्यात बसला लटकत जाशीन का? आणि शनिवारी बुढीकडे कशी जाशीन?"

शनिवारचं खरं होतं. पण रंजीताच्या मनात दुसरंच काही होतं, जे तिने सुनिललाही सांगितलं नाही. गाडीतून उतरली की ती म्याडम होती. बसमधून उतरली की कॉलेजच्या फाटकात वह्या छातीशी धरून उभी राहिलेली एक पोक्त बाई, एवढंच.

तिने गाडी न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी गावची आशा कार्यकर्ती रुखमाबाई सामान लावायला आली. दोघींनी मिळून कितीतरी बाळंतपणं केली होती. रुखमाबाईने गाडीचा विषय काढला नाही. तिने गाडी आतून झाडली, पुसली, आणि मागच्या सीटखालचं सामान बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

"हे इथीच राहू द्या," ती म्हणाली. "तिथी तुमाले काय कामाचं."

कॉलेजचा वॉचमन पहिल्या दिवशी सलाम करून फाटकातून बाजूला झाला आणि त्याने व्हॅन प्राध्यापकांच्या गाड्यांशेजारी लावून घेतली. ती वर्गात शिरली तेव्हा पुढच्या बाकावरच्या चार पोरी उभ्या राहिल्या. त्यांचं पाहून सगळा वर्ग उभा राहिला. रंजीता शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा आधी कुजबुज झाली, मग हसू पसरलं. तिलाही हसू आलं. त्यानंतर पोरी तिला कधी काकू म्हणत, कधी म्याडम. पाऊस असला की पाच-सहा जणी व्हॅनमध्ये कोंबून बसत आणि बाजार चौकात उतरत. वॉचमनला खरं कळलं होतं, तरी त्याने गाडीची जागा बदलली नाही. रंजीताला ते बरं वाटायचं. बरं वाटतंय हे तिला कळायचं, आणि त्याची थोडी लाजही वाटायची.

सव्वा महिना असा गेला. एका गुरुवारी दुपारी रुखमाबाईचा फोन आला. ती टेकडीवरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"पिंकीचं बाळ गेलं, बाई."

पिंकी दसरूच्या भावाची बायको. पहिलटकरीण. रंजीताने जायच्या आधी तिला दोनदा तपासलं होतं.

"कसं काय?"

"कळा लवकरच सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली होती. मंग ट्रॅक्टरवर नेलं. नवी सिस्टर होती संगं, तिनं लय केलं. दवाखान्यात पोचलो तवा ठोके नव्हते." "नाळ होती गळ्यात. दोन वेढे. गाडी असती तरी तसंच झालं असतं."

"पिंकी?"

"ते बरी आहे. तुमाले सांगाचं म्हून सांगितलं. दुसरं काई नाई."

फोन ठेवल्यावर रंजीता पुन्हा वर्गात गेली. गाडी असती तरी तसंच झालं असतं. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना तिने ते कितीतरी वेळा सांगितलं होतं. लवकर आणलं असतं तरी हेच झालं असतं. कधी ते खरं असायचं, कधी अर्धं खरं. या वेळी किती खरं होतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. ट्रॅक्टरला दोन तास लागले असतील. व्हॅनला पाऊण तास. ती वहीत लिहीत राहिली.

शनिवारी ती वरोऱ्याला गेली नाही. जांभळटोल्याला गेली. आधी पिंकीच्या घरी. पिंकी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. रंजीताने नाडी पाहिली, पोट तपासलं, दूध आटायच्या गोळ्या घेतेस का विचारलं. पिंकी मान हलवत होती. मग तिने विचारलं,

"कॉलेजात काय शिकवतत, बाई?"

"मले येते तेच," रंजीता म्हणाली. "पण इंग्रजीत."

पिंकीच्या तोंडावर काही उमटलं नाही. "असं का," ती म्हणाली.

बाहेर दसरू उभा होता. रंजीताने त्याला किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसली. नाल्याच्या उतारावर तिने त्याला चारदा गाडी वर-खाली करायला लावली. त्याचा पाय ट्रॅक्टरचा होता, क्लच एकदम सोडायचा.

"हळू. मागे पेशंट आहे असं समज."

पाचव्या वेळी गाडी धक्का न देता चढली. तिने त्याचं लायसन पाहिलं, विमा आणि गाडीचे कागद कुठे आहेत ते दाखवलं. रुखमाबाई ताडपत्री आणि सामान घेऊन आली आणि मागच्या सीटखाली सरकवून गेली. वारलू काठी टेकत आला.

"आता तुमी जासान कशा?" त्याने विचारलं.

"एसटीनं."

"हाव," तो म्हणाला. मग म्हणाला, "दसरू सोडून देईन ना."

"नाई. गाडी गावातून हलवाची नाई. कोणाले कधी लागन."

दुपारच्या बसने ती परतली. वाटेत आईचा फोन आला. या शनिवारी का आली नाहीस, आणि पुढच्या शनिवारी तरी येतेस का, असं विचारत होती. पंधरा दिवसांनी येते, म्हणून रंजीताने सांगितलं. बसमध्ये मागच्या बाजूला कोंबड्यांची टोपली होती आणि खिडकीची काच खाली येत नव्हती.

सोमवारी सकाळची ड्यूटी आटोपून ती बसस्थानकावरच्या पासच्या खिडकीशी गेली. खिडकीतल्या माणसाने फॉर्म घेतला, कॉलेजचा शिक्का पाहिला.

"पोरीले पाठवा. सही तिची लागते."

"पोरगी नाई. मीच."

त्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मग जन्मतारखेवर बोट ठेवून पुन्हा फोटो पाहिला.

"लेडीजले अर्धं तिकीट असतेच ना, म्याडम. पास कायले?"

"विद्यार्थ्याचा पास पाहिजे," रंजीता म्हणाली.

मागे रांगेत कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी तिच्याच वर्गातल्या. त्या माणसाने पासाचं कार्ड ओढलं. नावाच्या रकान्यात आधीच 'कु.' छापलेलं होतं. त्याने ते खोडायला पेन टेकवलं.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली.

त्याने पुढे नाव लिहिलं, वय लिहिलं, शिक्का मारला आणि कार्ड खिडकीतून सरकवलं. रंजीताने शाई वाळेपर्यंत ते हातात धरलं, आणि मग चंद्रपूर गाडीच्या रांगेत, त्या दोन पोरींच्या मागे जाऊन उभी राहिली.