आवाज येत नाही

“आधी मोबाइल, मग पट्टा,” असं म्हणून गिरणीवाली मोटरच्या बटणापुढे पाठ लावून उभी राहिली, तेव्हा गिरणीत पाच दळणं रांगेत होती आणि सहावं गिरणीवाल्याच्या हातात होतं.

लोक खोळंबलेत, तो म्हणाला. खोळंबू देत, माझा जीव दीड महिना खोळंबलाय त्याचं काय, ती ओरडली. आपलं पोतं कडेला सरकवून सुतारकाका उंबऱ्यावर बसला. नवराबायकोच्या मधे पडायचं नाही आणि तिथून उठायचंही नाही, अशी त्याची जुनी सवय.

घरात मोबाइल एकच. तो गिरणीवाल्याच्या छातीवरच्या खिशात असायचा, दळण झालं का म्हणून विचारणाऱ्यांसाठी. एकुलती एक लेक तीन डोंगरांपलीकडे दिलेली. पहिलं वर्ष दर आठवड्याला तिचा फोन यायचा, आई काय करतेय, म्हशीला काय झालं, असलं काहीबाही बोलायची. मग तिचा नंबर बंद लागायला लागला. सासूला लावावा तर सासू साखरेच्या आवाजात सांगायची, तिचा मोबाइल पाण्यात पडला, आता शेतावर गेलीय, आता झोपलीय, बरी आहे हो, काळजी कशाला करता. लेकीचा स्वतःचा आवाज आईच्या कानावर पडून दीड महिना झाला होता.

आणि मोबाइल बिघडलाय, एवढंच गिरणीवाला आठ-पंधरा दिवस घरात सांगत होता. आज सकाळी चहा पिता पिता मात्र बोलून गेला की दुपारी कधीमधी कुठल्यातरी अनोळखी नंबरावरून फोन येतो, खिशात थरथरतो, कानाला लावावा तर पलीकडं कोणीच बोलत नाही. दर वेळी नंबर वेगळा. कंपनीवाले असतील.

“आणि त्यातला एखादा तिचा असला तर?”

बायकोनं ओरडून विचारलं होतं. त्यावर तो दळण उचलून गिरणीत आला होता, आणि ती त्याच्यामागोमाग.

तसं त्यानं मोबाइलवर कमी कष्ट घेतले नव्हते. बंद करून चालू केला, दहादा. सिम काढून सदऱ्याला पुसून परत घातलं. आत दमट झालं असेल, सुक्या धान्यात पुरून ठेव, धान्य ओल ओढून घेतं, असं सुतारकाकानं छातीठोक सांगितलं, तर रात्रभर गव्हाच्या पिंपात पुरला. मोबाइल भिजलेलाच नव्हता. सकाळी निघाला तो चार्जिंगच्या भोकात कोंड्याचा एक कण अडकवून, आणि पुढचे दोन दिवस चार्जच होईना. मग त्या कोंड्यासाठी सुई, सुईसाठी शिव्या. अखेर बायकोनं मोबाइल बंद करून लाकडी काडीनं तो अलगद काढला आणि सुतारकाकाला दिसेल असा तळहातावर ठेवला. “हे घ्या, तुमचं औषध.”

आज तिनं शिंपीणबाईला बोलावलं होतं. शिंपीणबाईचं सगळं काम मोबाइलवर चालायचं, मापं, कापडाचे फोटो, गिऱ्हाइकांची बोलणी. स्वतःचा मोबाइल तिनं इतक्या वेळा मरणाच्या दारातून ओढून आणला होता की गाव आपले आजारी मोबाइल तिच्याकडेच घेऊन जायचं. ती आली, दळणाच्या डब्यावर बसली आणि मोबाइलचं जाड कव्हर सोललं. आतून पिठाचा एक पातळ पापुद्रा मांडीवर पडला.

“दादा, याला खाऊ घालता काय हो?”

जुन्या टूथब्रशनं तिनं वरची जाळी झाडली, खालची भोकं झाडली. आवाजाची पट्टी टोकापर्यंत सरकवली. वर चंद्राची खूण दिसते का ते पाहिलं, म्हणाली, ती असली की मोबाइल मुका राहतो. खूण नव्हती. ब्लूटूथ कुणाच्या गाण्याच्या डब्याला जोडलेलं नाही ना, आवाज दुसरीकडेच जाऊन वाजत नाही ना, तेही बघितलं. बंद केला, शंभर आकडे मोजून चालू केला. मग आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावून बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली.

गिरणीवाल्यानं मोबाइल कानाला दाबला. चिंचेखाली तिचे ओठ हलताना दिसत होते. कानात मात्र दूरच्या ओढ्यासारखं काहीतरी सळसळलं आणि थांबलं.

“नाही झाला दुरुस्त,” तो म्हणाला. “घुसमटलेलाच आहे.”

बायकोनं मोबाइल त्याच्या हातातून घेऊन आपल्या कानाला लावला. लगेच दूर धरला. मग नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं त्याला आवडलं नाही. त्यानं वळून दगडावरचं पीठ फडक्यानं झाडायला घेतलं.

तीस वर्षं तो त्या पट्ट्याशेजारी उभा होता. दगडावर दगड फिरत राहिला आणि त्याच्या कानातून एकेक आवाज कोंड्यासारखा उडून गेला. आधी पाखरं गेली. मग पत्र्यावरचा बारीक पाऊस गेला. मग बायकांचे आवाज, मग हळू बोलणारी माणसं. दळण बारीक पडतंय की भरड हे तो अंगठ्यानं ओळखायचा, मोटर कुरकुरते की कसं ते तळहात लावून. माणसांना मात्र असा हात लावून बघता येत नाही. तिथं तो नुसता मान हलवायचा आणि हं म्हणायचा. हं म्हटलं की बहुतेक बोलणी आपोआप संपतात, हे त्याला फार पूर्वी कळलं होतं. मोबाइल बिघडलाय असं त्याला खरंच वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

शिंपीणबाई आत आली. बाकी सगळं ठीक आहे म्हणाली, एक शेवटचं बघू. या मोबाइलमध्ये आलेला प्रत्येक फोन आपोआप साठवून ठेवायची सोय चालू राहिलेली दिसते, त्यातलं एखादं बोलणं वाजवून बघते, स्पीकर फाटला असेल तर कळेल. तिनं यादी उघडली. अनोळखी नंबर, दुपारची वेळ. बोट ठेवलं आणि मोबाइल दळणाच्या डब्यावर उताणा ठेवला.

गिरणीवाला वाकून बघत होता. काही वाजत नव्हतं. वाजत नाही असं तो म्हणणार, तोच त्याला बायकोचा हात दिसला. पदर सावरायला वर गेलेला हात गळ्यापाशीच राहिला होता. सुतारकाका उंबऱ्यावरून उठला होता. शिंपीणबाईनं मोबाइलवरचं बोट उचललं होतं आणि ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

मग एक आवाज त्यालाही ऐकू आला. जाडाभरडा, पट्ट्याच्या वर चढवलेला, त्याचा स्वतःचा.

“कोण? हॅलो? आवाज येत नाही. ठेवा.”

शिंपीणबाईनं दुसरं बोलणं लावलं. परत शांतता, परत तोच खरखरीत बाप, आवाज येत नाही, ठेवा. तिसरं. चौथं. दर वेळी मधल्या शांततेत बायकोचा चेहरा थोडा थोडा खचत गेला. आठ बोलणी होती. आठवं संपल्यावर सुतारकाकानं पायात वहाणा घातल्या, बाहेर थांबलेल्या दोघांना खांद्याला धरून लांब नेलं, आणि गिरणीत तिघंच राहिली.

“काय म्हणत होती?” गिरणीवाल्यानं विचारलं. कोण, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बायको त्याच्या कानाशी आली. लेक कुजबुजत जे बोलली होती, ते आईला आता ओरडून सांगावं लागत होतं, आणि एकेक वाक्य दोनदा. मोबाइल काढून घेतलाय. पाणी भरायला गेलं की कुणाकुणाकडे मागून फोन लावते. नवरा मारतो, सासू दार लावून घेते. डावा हात मोडलाय, दवाखान्यात नेलं नाही. न्यायला या.

“हे पहिल्या सात फोनांत,” ती म्हणाली. “आठव्यात तेही नाही. नुसतं बाबा, ठेवू नका, एवढंच.”

“कधीचा आहे आठवा?”

शिंपीणबाईनं चार बोटं वर केली. चार दिवसांत एकही फोन नव्हता.

तिनं त्या आठही नंबरांवर एकेक करून लावून बघितलं. एक बंद लागला. एक म्हणाला, चुकीचा लागला. एका बाईनं, लेकीचं नाव काढल्याबरोबर, काही न बोलता बंद केला. उरलेल्यांची घंटी वाजत राहिली.

गिरणीवाल्यानं आणलेलं दळण कडेला सरकवलं. लोकांना म्हणाला, आज नाही. गिरणीला कुलूप लावलं.

जीप मिळायला दुपार झाली. नवराबायको दोघंच निघाली. दिवसाउजेडी पोचायचं एवढंच दोघांच्या मनात होतं, आणि पोचल्यावर काय दिसेल याचा विचार दोघंही एकमेकांपासून लपवत होती.

अंगणात जावई खाटेवर बसला होता. तो उठला नाही. सासू लगबगीनं पुढे आली, तिचा चेहरा हसत होता, ओठ भराभर हलत होते. पाणी घ्या, बसा, असं काहीतरी असणार. मागं दर खेपेला गिरणीवाल्यानं या ओठांना हं हं करत मान हलवली होती, मुलगी सुखात आहे हे गावाला सांगितलं होतं. आज त्यानं मान हलवली नाही.

लेक आतल्या दारात येऊन उभी राहिली. होती. जिवंत होती. डावा हात जुन्या फडक्यानं छातीशी बांधलेला, मनगट टम्म सुजून काळंनिळं पडलेलं. आई तिच्याकडे धावली, तर सासू मधे आली. लेकीनं बापाकडे बघून काहीतरी म्हटलं. ओठ जेमतेम उघडले. या घरात मोठ्यानं बोलायची तिची सवयच मोडली होती.

“मोठ्यानं बोल, बाळा,” गिरणीवाला म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. “मला ऐकू येत नाही. बहिरा झालोय मी. मोठ्यानं बोल.”

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

सासूचे ओठ हलले. जावई खाटेवरून उठला, पण गल्लीतली माणसं कुंपणाशी आलेली बघून तिथंच थबकला. लेकीनं एकदा त्या माणसांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. गळ्याची शीर ताठ झाली.

“आठ वेळा फोन केला तुम्हाला,” ती ओरडली. “आठही वेळा तुम्ही ठेवून दिलात.”

ते त्याला ऐकू आलं. अक्षर न् अक्षर.

त्यापुढचं त्याला पोचलं नाही. ती बोलतच होती. हाताकडे बोट दाखवत होती, दाराच्या कडीकडे, नवऱ्याकडे, आणि मधून मधून परत बापाकडे. कुंपणापलीकडची एक बाई डोळ्याला पदर लावून आत निघून गेली. आईनं सासूला बाजूला सारून लेकीचा चांगला हात धरला, तरी ती थांबली नाही. गिरणीवाला अंगणाच्या मधोमध उभा होता. तिचं बोलून संपेपर्यंत तो तिथून हलला नाही आणि एकदाही हं म्हणाला नाही.