एकाच नावाची दोन बिऱ्हाडं

मित्रांनो, प्राण्यांच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाखाली जो जुना, करडा संगणक दिवसभर घूं घूं करतो ना, तो मी. आधी मी एका मोठ्या कचेरीत पाच वर्षं राबलो. मग तिथे नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत पडलो. डॉक्टरबाईंनी मला उचलून आणलं, धूळ झटकली आणि पुन्हा कामाला लावलं. आता मी ऊबदार असतो म्हणून पेशंट मांजरं माझ्यावर ताणून देतात!

माझ्या पोटात बरेच प्रोग्रॅम राहतात. प्रत्येकाची वेगळी, बंद खोली असते. तिला कंटेनर म्हणतात. एका कामाच्या सगळ्या खोल्या मिळून एक बिऱ्हाड. कुणी बिऱ्हाडाला नाव दिलं नाही, तर त्याच्या खोल्यांची यादी असलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये असते, त्याचंच नाव मी लावतो.

पहिलं बिऱ्हाड डॉक्टरबाईंच्या भावाने थाटलं. त्यात तपासणीच्या वेळा आणि लसींच्या तारखा. फोल्डरचं नाव ‘ॲप’. दुसरं थाटलं काउंटरवरच्या मावशींनी. वय अठ्ठावन्न! भावाकडून त्या दुपारी-दुपारी शिकल्या, चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर शोधत. त्यांनी हरवलेल्या आणि सापडलेल्या प्राण्यांच्या नोंदींचं पान तयार केलं. फोल्डर वेगळ्या जागी ठेवला, पण त्याला गुरूचंच नाव दिलं, ‘ॲप’.

झालं! माझ्या लेखी दोन्ही बिऱ्हाडं एकच. भावाने आपलं काम सुरू केलं की मावशींच्या खोल्या मला त्याच्या फाइलीत सापडत नसत. मग मी इशारा देई, ‘बेवारस कंटेनर आढळले.’

एका सोमवारी सकाळी भाऊ वैतागला. “काय हा पसारा साठलाय!” म्हणत त्याने बेवारस खोल्या काढायचा हुकूम सोडला. मी पडलो हुकमाचा ताबेदार. मावशींचं बिऱ्हाड क्षणात उठलं.

तासाभराने गल्लीतले शिंपीकाका धापा टाकत आले. “मावशी, आमची म्हातारी पांढरी कुत्री दोन दिवस घरी नाही. तिला ऐकूसुद्धा येत नाही हो!”

“थांबा, शनिवारी कुणीतरी पांढऱ्या कुत्रीची नोंद केलीय.” मावशी पान उघडायला गेल्या. उघडेचना.

भावाचा चेहरा पडला. “मावशी, बेवारस समजून मीच काढलं ते.”

“बेवारस? अरे, मी इथे धडधडीत बसलेय की!”

भावाने घाईघाईने मावशींच्या फाइलीत सगळ्यात वर नवं नाव लिहिलं, ‘हरवले-सापडले’, आणि बिऱ्हाड पुन्हा उभं केलं. पान उघडलं, पण कोरं करकरीत. “आता कुठे शोधू तिला?” शिंपीकाकांनी विचारलं.

मावशी मात्र डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या. “तूच शिकवलंस ना, खोली गेली तरी नोंदींची कोठी वेगळी असते म्हणून? नव्या नावाने नवी कोठी उघडली असेल. जुन्या नावाची बघ.”

ती होती! माझ्या कोपऱ्यात जशीच्या तशी. भावाने ती नव्या बिऱ्हाडाला जोडली आणि नोंद झळकली: ‘पांढरी कुत्री, डावा कान फाटलेला, पोस्टामागच्या न्हाव्याकडे सुखरूप.’

काका धावत गेले आणि अर्ध्या तासात कुत्रीला कडेवर घेऊन परतले. न्हाव्याने तिला न्हाऊ घालून केसही झकास कापले होते. “मला आधी ओळखूच येईना!” काका हसता हसता डोळे पुसत होते. कुत्री सगळ्यांचे हात चाटत सुटली.

“मावशी, आज तुम्ही गुरू,” भाऊ म्हणाला.

“मग गुरूचं ऐक. तुझ्या बिऱ्हाडालाही धड नाव दे.”

त्याने ‘दवाखाना’ असं नाव दिलं, आपलीही कोठी आठवणीने जोडून घेतली. मग दोघांनी मिळून माझी यादी वाचली. तीन खोल्या खरोखरच कुणाच्या नव्हत्या. त्या काढल्या आणि मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, पसारा जरूर आवरा. पण आपल्या कामाला आपलं नाव द्या, आणि काही टाकण्याआधी मोठ्याने एकदा विचारा, “हे कुणाचं आहे?” शेजारच्याच खुर्चीतून कुणीतरी म्हणेल, “अरे, माझं आहे!”