कॅसेटवर आहे तसं वाजवा

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस. निदान माझ्या अंगावर तसं छापलंय. पण मिनिटांवरून माझ्यापायी एवढा घोळ झालाय की त्या छापील आकड्यावरही आता माझा विश्वास राहिलेला नाही. मी खरी की खोटी, हे मला विचारू नका. तेच मला कळेनासं झालंय, म्हणून तर बोलायला बसले.

कारखान्यात एका लांबलचक तपकिरी फितीचे तुकडे करून आम्हां बहिणींना पेट्यांत गुंडाळलं आणि वर पाच पाच स्क्रू पिळले. मग आठ महिने मी एका दुकानाच्या काचेमागे उभी होते. शेजारची बहीण गेली, तिच्यावर कुणाच्या तरी नातवाचं बोबडं बोलणं भरलं म्हणे. दुसरीवर टायपिंगच्या क्लासचे धडे. मला वाटायचं, आपल्या वाट्यालाही असंच काहीतरी साधंसुधं यावं. पण मला नेलं काचताईनं.

काचताई म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणारी बाई. हे नाव तिला कुणी दिलं कोण जाणे, पण सगळे तिला तसंच हाक मारतात. एकेक भिंग ती तीनतीनदा उजेडात धरून बघते. केसाएवढा फरक राहिला तरी पुन्हा घासायला घेते. अशा काटेकोर बाईच्या हातून ती चूक व्हावी, हे मला आजही पटत नाही.

ताईला वेड होतं ‘गंजके खिळे’चं. ही चार जणांची पंक रॉक मंडळी. तिघं पुरुष आणि एक गाणारी. त्यांचा कार्यक्रम एका लाकडाच्या वखारीत होता आणि तो मला भरून आणायचा असं ताईनं ठरवलं होतं. टेपमधले सेल आठवडाभर वापरून मरायला टेकले होते. नवे आणायचे राहिले. मग तिनं ते चारही सेल दुपारभर खिडकीत उन्हात ठेवले. सेल उन्हात ठेवले की पुन्हा जीव धरतात, असं तिची आत्या सांगायची. धरतातही. पण थोडाच.

कोटाखाली लपवलेल्या टेपमध्ये मी फिरायला लागले. चाकं जड वाटत होती. कार्यक्रम जसा पुढे सरकला तशी ती आणखी जड झाली. माझी ती पहिलीच वेळ, मला काय माहीत? मला वाटलं, आयुष्य म्हणजे असंच हळूहळू सरकायचं असतं.

घरी येऊन ताईनं टेपची वायर भिंतीतल्या प्लगला लावली आणि मला सुरू केलं. आणि मी धावतच सुटले. जे मी रमतगमत भरून घेतलं होतं, ते आता घाईनं बाहेर पडत होतं. ड्रम तर असे की जिन्यावरून बटाट्यांचं पोतं सुटलंय. गाणारीचा आवाज चढलेला आणि शेवटची दोन गाणी तर नुसतं तुफान. ताईच्या अंगावर काटा आला. ती एकटीच होती, तरी मोठ्यानं म्हणाली, “बाई बाई, काय वाजवलंय यांनी.”

खरं तर तीही त्या वखारीत हजर होती. तिनं तिथे वेगळंच ऐकलं होतं. पण मला दोनदा ऐकल्यावर तिला माझ्यासारखंच आठवायला लागलं. माणसांचं हे मला अजून उलगडलेलं नाही. स्वतःचे कान सोडून ती माझ्यावर विश्वास ठेवतात.

तीन महिन्यांनी खिळ्यांचा अल्बम आला. आणि वादाला तोंड फुटलं.

दर रविवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद असे, तेव्हा मागच्या खोलीत तिघं जमायची. ताई, पाट्या रंगवणारा पेंटर आणि भूगोलाचे मास्तर. पेंटर वखारीतल्या कार्यक्रमाला होता. मास्तर पेपर तपासत घरी बसले होते, त्यामुळे त्यांचं मत जास्त ठाम होतं.

“‘पायपुसणं’ हे गाणं अल्बमवर दोन मिनिटं पन्नास सेकंद आहे,” मास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाले. “या कॅसेटवर दोन वीस. वरचे तीस सेकंद आले कुठून?”

“रेकॉर्डिंगवाल्यानं पाणी घातलं,” पेंटर म्हणाला. “ड्रमवर म्हणे पांघरुणं टाकली होती त्यानं. गिटार दोनदोनदा भरली. सगळं धुऊन, इस्त्री करून ठेवलं. पंक आहे का लग्नाचा शर्ट?”

“अहो, पण शब्द तरी कळतात. तुमच्या कॅसेटवर ती गाते की भांडी पडतात, तेच समजत नाही.”

“शब्द कळायला मी पंक ऐकतो का, मास्तर?”

ताई हसायची आणि मला उलटून लावायची. मी बिचारी एकदा याच्या बाजूनं पुरावा, एकदा त्याच्या. मास्तर म्हणायचे, गोंगाट आहे. पेंटर म्हणायचा, हेच खरं. आणि मला मनातून वाटायचं, अल्बमवरचं गाणं आपल्या कुठेतरी ओळखीचं आहे. वखारीत मी भरून घेताना ते साधारण असंच तर होतं. पण कॅसेटला कोण विचारतो?

माझ्या प्रती निघाल्या. प्रतींच्या प्रती निघाल्या. दुसऱ्या गावांहून लोक ताईला भेटायला यायला लागले, ‘कॅसेटवाल्या ताई’ म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली, तसं माझं झालं. पेंटरनं चार पानी पत्रक काढलं, त्यात रेकॉर्डिंगवाल्याला चांगलं धुतलं. त्या गृहस्थाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यानं पुढे पंक भरायचं काम सोडलं असं ऐकलं. आणि खिळ्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात समोरून ओरडा व्हायचा, “कॅसेटवर आहे तसं वाजवा.”

अशी दोन वर्षं गेली. मग एका मंगळवारी दुकानात खिळ्यांचा ड्रमवाला आला.

मी त्याला पहिल्यांदाच उजेडात पाहिलं. थोराड माणूस, भुवयांत पीठ. तो बेकरीत कणीक मळायचं काम करायचा. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या.

“ताई, ती कॅसेट तुमच्याकडेच आहे ना? मूळची?”

“आहे की. बसा ना, दादा.”

तो भिंगांच्या खोक्यावर बसला. ताईनं मला लावलं. ऐकता ऐकता त्याचे हात गुडघ्यांवर हलायला लागले. उजवा चालला, डावा चालला, मग डावा मागे पडला आणि दोन्ही थांबले.

“तेव्हा जमत होतं,” तो म्हणाला.

“हाताला काय झालंय?”

“डॉक्टर म्हणतात सहा आठवडे काही करायचं नाही. नाहीतर मळणं पण जाईल आणि वाजवणं पण. बारा दिवसांवर कार्यक्रम आहे.” तो पट्टीचं टोक सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता. “रोज पहाटे तासभर सराव करतो, ताई. या कॅसेटच्या जवळपासही पोचत नाही. दोन वर्षांत माणूस एवढा म्हातारा होतो का?”

ताई म्हणाली, “तसं काही नसतं हो.” पण तिलाही तसंच वाटत होतं, हे तिच्या आवाजावरून मला कळलं. त्या माणसाला मी आवडत होते आणि मीच त्याला छळत होते. यात माझी चूक कुठे झाली, ते मी शोधत राहिले. मला जे मिळालं तेच मी परत देत होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुकानातली वीज गेली. भिंगं घासायचं यंत्र बंद पडलं. रिकामं बसवेना म्हणून ताईनं बॅटरीतले आणि भिंतीवरच्या घड्याळातले अर्धमेले सेल काढून टेपमध्ये घातले आणि मला सुरू केलं.

चाकं जड झाली. तीच जुनी, ओळखीची जडशीळ चाल. आणि माझ्यातून ‘पायपुसणं’ आलं ते सावकाश, भरीव, पाय आपटत आल्यासारखं. गाणारीचा आवाज तिचा स्वतःचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ताईच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं मला मागे नेलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुन्हा लावलं. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद.

तिनं खिडकीकडे पाहिलं. वखारीच्या दिवशी सेल कुठे ठेवले होते, ते तिला आठवलं असणार. मग तिनं मला खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

तीन दिवस अळीमिळी गुपचिळी. मी खणात स्क्रूंच्या शेजारी पडून विचार करत होते. ती सांगणार की नाही? सांगितलं तर ‘कॅसेटवाली ताई’ संपली. दोन वर्षं सगळ्यांनी ज्या कॅसेटवरून रान उठवलं, ती चुकीची भरली म्हणायची. तेही भिंगात केसाएवढा फरक न खपवणाऱ्या बाईनं. आणि नाही सांगितलं, तर ड्रमवाला आठ दिवसांनी त्या हातांनी बसणार, आणि मग त्या हातांचं काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मला तिची भीती कळत होती आणि रागही येत होता. घुसमटून गेले होते मी.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं खण उघडला. मला, टेपला आणि त्या अर्धमेल्या सेलना घेऊन ती बेकरीत गेली.

ड्रमवाला परातीशेजारी उभा होता. कणीक दुसरा कुणी मळत होता, हा नुसता बघत होता. ताईनं आधी मला सेलवर लावलं. मग वायर लावून. काही समजावून सांगावं लागलं नाही. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

“म्हणजे मी एवढा फास्ट कधीच नव्हतो.”

“नव्हता, दादा. माझे सेल उतरले होते.” ताईनं वायर काढून घेतली. “चूक माझी. मला माफ करा.”

“आणि मी समजत होतो, माझेच उतरले.” तो हसला. मग हसता हसता थांबला आणि पिठाच्या पोत्यावर टेकला. “दोन वर्षं मी कुणाच्या मागे धावत होतो हो, ताई?”

ताई रडली. तो म्हणाला, “अहो, रडता काय, बरं झालं सांगितलंत.” पण त्याच्या चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं होतं, सुटला एकदाचा. पण कुणीतरी त्याच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखा तो दिसत होता. सुटका आणि चोरी एकाच वेळी कशी होते, हे मला अजून कळलेलं नाही.

कार्यक्रम दोन महिने पुढे ढकलला. हात वाचले. रविवारी ताईनं मास्तरांना आणि पेंटरला सगळं सांगितलं, सेलवर लावूनही दाखवलं. मास्तरांनी “मी म्हणत नव्हतो?” असं चारदा म्हणून घेतलं. पेंटर मात्र उठून उभा राहिला.

“ताई, मी तिथे होतो. मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या रेकॉर्डिंगवाल्यानं तुम्हाला फितवलंय.”

“अहो, मी पण तिथेच होते ना.”

“मग तुम्हाला आठवत नाही,” पेंटर म्हणाला आणि निघून गेला. तीन रविवार आला नाही. गंमत म्हणजे त्या तीन रविवारांत मास्तरच म्हणायला लागले, “काही म्हणा, त्या वेगात एक मजा होती. लावा बघू जरा. सेलवर नको.” दोन वर्षं ज्याला गोंगाट म्हटलं, तो खोटा ठरल्यावर यांना गोड लागायला लागला.

पुढे ढकललेल्या कार्यक्रमाला ताईनं मला पिशवीतून नेलं होतं. समोरून ओरडा झालाच, “कॅसेटवर आहे तसं वाजवा.” आवाज पेंटरचा होता. ड्रमवाल्यानं मान वर केली, काठ्या उचलल्या आणि आपल्या चालीनं वाजवलं. काही लोक अर्ध्यातून गेले. पेंटर शेवटपर्यंत थांबला, तो खूश होता की नाराज, ते मला पिशवीतून काही दिसलं नाही.

नंतर ड्रमवाला ताईपाशी आला. “ती कॅसेट मला द्याल?”

“तोडणार असाल तर माझ्यासमोर तोडा,” ताई म्हणाली.

“तोडू कशाला?”

तेव्हापासून मी त्याच्या स्वयंपाकघरात आहे, फडताळात, मिठाच्या बरणीमागे. फीत एका जागी चुरगळली आहे, तिथे मी अडखळते. एक स्क्रू गेलाय. तुमच्याकडे माझी एखादी प्रत असेल तर तिला पुसू नका, ती माझी मुलगी आहे. पण ऐकताना वेगाबद्दल तिची साक्ष काढू नका, एवढंच सांगणं आहे. तिला आणि मला जे दिलं ते आम्ही सांभाळलं, बाकीचं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

त्याच्या मनगटात पूर्वीची ताकद काही आली नाही. तो महिन्यातून एखादा कार्यक्रम करतो, त्याच्या चालीनं. पण रविवारी जेवण झालं की मला काढतो आणि टेपची वायर भिंतीत लावतो. सेलवर कधीच नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसतो आणि ऐकतो. बोटंसुद्धा हलवत नाही.

परवा शेवटचं गाणं चालू होतं, ते तुफानाचं. त्याची बायको भांडी पुसत होती. तो मान डोलवत म्हणाला, “कसला वाजवतोय बघ हा.”

“कोण?” तिनं विचारलं.

त्यानं गाणं संपू दिलं. मग ओले हात पुसले आणि म्हणाला, “अगं, भेट नाही झाली कधी आमची.” आणि त्यानं मला पुन्हा पहिल्यापासून लावलं.